तीन कोट, चौदा हजार फूट

३ जुलै

घेतलं! टाचणीला घेतलं! म्हणजे जवळजवळ घेतलं.

संध्याकाळी पोरगी कागद फडकावत दुकानात आली. बावीस वर्षांची झाली, अजून अंगावर मांस नाही. टाचणी हे नाव मीच ठेवलं आणि आता गल्लीभर तेच चालतं. डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी. दोन वर्षं. वारा मोजायचा, बर्फ मोजायचं, थंडी मोजायची आणि खाली कळवायचं. अट एकच. केंद्राच्या अलीकडे चौदा हजार फुटांवर एक मुक्कामाची जागा आहे, तिथे एक रात्र झोपून दाखवायचं. झोपण्याआधी आणि उठल्यावर बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावणार. आकडा ऐंशीच्या खाली गेला तर नोकरी गेली.

मी तोंडभर कौतुक केलं. बायको मशीनवरून उठून आली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत जाऊन बसली. मग मी आतल्या खोलीत जाऊन कापडाचे तागे उगाच इकडचे तिकडे केले.

चौदा हजार फूट! सातव्या वर्षी टाचणीला न्यूमोनियाने धरलं तेव्हा अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिचा श्वास मोजत होतो. वर कोण मोजणार?

४ जुलै

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकटाच, घरी न सांगता. म्हणाले, मुलीची फुप्फुसं ठणठणीत आहेत, तुमच्यापेक्षा बरी आहेत, तुम्हीच जरा जिने चढत जा. कुठून गेलो!

६ जुलै

ठरलं. जायचं तर तिघांनी जायचं. मीच म्हणालो. टाचणी हसायला लागली. म्हणे, बाबा, तुम्ही दुकानाच्या माळ्यावर चढताना दोनदा थांबता. बायको विळीवर बसली होती. भाजी चिरून झाल्यावर म्हणाली, सप्टेंबरात गिऱ्हाईक कमी असतं. म्हणजे हो. आमच्याकडे ‘हो’ असंच येतं.

आता खरं कारण. इथे लिहायला हरकत नाही. जुन्या मापवहीच्या मागच्या पानांत कोण डोकावणार? मला वाटतं, मी बरोबर असलो तर ती मधूनच परत फिरेल. दमेल, पाय दुखतील, मी म्हणेन ‘चल घरी’ आणि ती येईल. लहानपणी बागेतून यायची तशी, नाक पुसत.

लिहितानाही लाज वाटते. पण आहे ते असं आहे.

११ जुलै

शेजारचा चष्मेवाला सल्ला द्यायला आला. हा गृहस्थ एकवीस वर्षांपूर्वी तो डोंगर चढला आणि तेव्हापासून खाली उतरलेलाच नाही. नंबर तपासताना गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावतो आणि स्वतः डोंगर सांगतो. यादी करून आणली होती. मोजे किती, हातमोजे किती, बूट कसले. शेवटी लिहिलेलं — कोट तयार घ्यावा, चांगला सैल. आत तीन थर बसले पाहिजेत.

सैल! माझ्या दुकानात येऊन मला सैल शिकवतो!

तीस वर्षं मी कापतो आणि ही शिवते. आमचा कोट अंगावर चढवला की पोक काढून चालणारा माणूससुद्धा आरशापुढे ताठ होतो. खांद्याला सुरकुती नाही, पाठीला झोळ नाही. आणि आम्ही तयार कोट घ्यायचे? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील का? त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

कोट मीच कापणार.

१९ जुलै

जिने सुरू. मागच्या सहा मजली इमारतीचा रखवालदार ओळखीचा आहे, तो आत सोडतो. टाचणी दहा वेळा वर-खाली. मी दोन वेळा, दुसऱ्यांदा कठडा धरून. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला पाणी दिलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील.

बायको सकाळी दूध आणायला गेली ती बऱ्याच वेळाने आली. रांग असेल.

२ ऑगस्ट

मापं घेतली. आधी टाचणीचं. सरळ उभी राहा, श्वास रोखू नकोस, छाती फुगवू नकोस, नेहमीसारखी राहा. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना म्हटलं असेल! छाती, कंबर, बाही, पाठ. तिची पाठ माझ्या दोन वितींची आहे. टेप गुंडाळताना दवाखान्यातलं ते बाक आठवत राहिलं.

बाहेर वारा न शिरणारं निळं कापड, आत पिसं, खाली मऊ अस्तर. कापताना कात्री कुठे अडली नाही. काम चांगलं चाललं की काळजी मागे पडते.

९ ऑगस्ट

रखवालदार भेटला. म्हणाला, शेठ, तुम्ही दोन खेपांत बसता, आणि बाई रोज सकाळी दुधाची पिशवी खाली माझ्याकडे ठेवून पंधरा खेपा करतात.

पंधरा! घरी येऊन बायकोला विचारलं. म्हणाली, गुडघे धरले होते, मोकळे करत होते. बरं.

२४ ऑगस्ट

तिन्ही कोट तयार. तिघं आरशापुढे उभे राहिलो. पातळ सदऱ्यांवर घातले होते, पण काय बसलेत! दुकानाच्या दाराशी दोन बायका थांबून बघत होत्या. चष्मेवालाही आला. शिवण बोटाने चाचपून म्हणाला, सुरेख आहे, पण आत... मी म्हटलं, आत आम्ही आहोत. तो हसला आणि गेला. जिंकलो असं वाटलं.

१२ सप्टेंबर

बसने नऊ तास. रस्ता संपतो तिथे उतरलो. शेवटचं घर, शेवटचा दिवा, पुढे नुसता चढ आणि दगड. डोंगर दिसला नाही, ढगात होता. बरं झालं. दिसला असता तर मी इथूनच परत गेलो असतो.

१३ सप्टेंबर

सात तास चालून पहिला मुक्काम. अकरा हजार फूट. पायांत त्राण राहिलं नाही. जागा म्हणजे दगडी भिंतींची एक लांब खोली, फळ्यांचे पलंग, मध्ये शेगडी. खालचा आणि वरचा असे दोन्ही मुक्काम एकच बाई चालवते. साठीची असेल, आवाज असा की बर्फही रांगेत उभं राहील. वाटही तीच दाखवते, चिमटीही तीच लावते, टाचणीच्या कागदावर सहीही तीच करणार. मी तिचं नाव ठाणेदारीण ठेवलं. तिचा नवरा स्वयंपाक बघतो आणि अजिबात बोलत नाही. दोघांचं छान चालत असणार.

चिमटी लावली. टाचणी ८४, मी ८३. बायकोचं बोट ठाणेदारणीने दोनदा पाहिलं. ९२. चिमटी पुसून तिसऱ्यांदा लावली. ९२.

१४ सप्टेंबर

आज फक्त हवेची सवय करायची. जवळच्या टेकाडावर जाऊन परत. डोकं ठणकतंय. टाचणी खूप सूप पितेय. मधेच मोठा श्वास घेते आणि मी तिच्याकडे बघतोय का ते बघते. मी बघतच असतो.

१५ सप्टेंबर, दुपार

सगळं बोंबललं. आणि माझ्यामुळे.

सकाळी ठाणेदारीण म्हणाली, उद्या वर निघायचं, तेव्हा आज सगळं अंगावर चढवून दाखवा. लोकरी बनियन, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर जाड जाकीट. हे तिन्ही चष्मेवाल्याच्या यादीप्रमाणे आणलं होतं. त्यावर कोट. टाचणीची चेन छातीपर्यंत आली आणि अडली. मी पुढे झालो, दोन्ही बाजू धरून ओढल्या, चेन लावली. चेन लागली म्हणून मला बरंही वाटलं! ती बाहेर वाऱ्यात गेली, वीसेक पावलं चालली आणि थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. श्वास पुरा येत नाही म्हणाली. चिमटीत ७४.

ठाणेदारणीने चेन उघडली आणि एका मिनिटात टाचणीच्या ओठांचा रंग परत आला. मग तिने कोट हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिला. कोणी शिवलाय, विचारलं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "फार सुंदर आहे. लग्नाला घाला. डोंगरावर माणसाला फुगावं लागतं."

जादा कोट इथे नाही. कोटाशिवाय वर पाऊल टाकू देणार नाही. म्हणजे उद्या खाली.

आणि मला — इथे तरी खरं लिहू — मला सुटल्यासारखं झालं. जीव भांड्यात पडला. मुलगी घरी येणार! एक क्षण. दोन असतील. मग तिचं तोंड पाहिलं.

ती रडली नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

नाही म्हणालो. तिने नुसतं पाहिलं. मग मी माझे तीन थर चढवले, त्यावर माझा कोट, आणि चेन लावून दाखवायला गेलो. बेंबीच्या वर येईना. हिचाही कोट तसाच. तिन्ही कोट सारखेच तंग! आपलं काम वाईट आहे हे सिद्ध करायला मी आयुष्यात पहिल्यांदा धडपडत होतो. टाचणीला पटलं असावं. म्हणाली, ठीक आहे बाबा, आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मलाच पटलेलं नाही. मुद्दाम नाही केलं, शपथेवर सांगतो. पण चष्मेवाल्याने लिहून दिलं होतं. वाचलं होतं मी. हात सवयीने चालला की मनात होतं तसा चालला, हे आता मलाही सांगता येत नाही.

१५ सप्टेंबर, संध्याकाळ

बोटं आखडली आहेत, तरी लिहितो.

दुपारी मी शेगडीपाशी डोकं धरून बसलो होतो. ही कधी उठली कळलं नाही. बघतो तर खिडकीशी बसून टाचणीच्या कोटाची बाजूची शिवण उसवतेय. काखेपासून खालपर्यंत. सुई-दोरा आणि छोटी कात्री हिच्या खिशात कायम असते, झोपतानाही असेल. सगळी शिवण मोकळी झाली. दोन-चार पिसं उडाली, ती तिने बोटांच्या चिमटीत पकडून परत आत कोंबली. मग ठाणेदारणीकडे जाऊन एक फाटकी झोपायची पिशवी मागून आणली. नारिंगी रंगाची. ती माझ्यापुढे पसरली आणि वर स्वयंपाकघरातली कात्री ठेवली.

मी म्हटलं, इथे टेबल नाही, खडू नाही, पट्टी नाही.

"नकोच," ही म्हणाली. "आता सैल कापा."

मी म्हटलं, तूच काप की.

"कापायचं काम तुमचं आहे."

एवढंच. तीस वर्षांत हिने मला कसं कापायचं हे एकदाही सांगितलेलं नव्हतं. आणि सांगताना माझ्याकडे अशी बघत होती की मला कळलं, हिला सगळं ठाऊक आहे. मी मुलीबरोबर का आलो, दुपारी मला काय वाटलं, सगळं. वही वाचली असेल? छे. हिला वही कशाला हवी!

कात्री उचलली. मासळी कापायची असावी, धारेला खाचा होत्या. न मोजता कापलं. काखेशी रुंद, खाली निमुळती होत जाणारी पट्टी, चांगली वीतभर. अजून थोडी जास्त. ही कात्री चालली की मुलगी जाणार, हे प्रत्येक इंचाला समजत होतं. दोन पट्ट्या तिच्या झाल्या, मग हिच्या, मग माझ्या.

ही पाच तास शिवत बसली. बोटं बधिर झाली की शेगडीवर धरायची आणि परत टाका. ठाणेदारणीचा नवरा शेजारी बसून सुया ओवून देत होता. तीन दिवसांत त्याचा पहिला शब्द ऐकला. म्हणाला, टाका बारीक आहे.

टाचणी मघाशी उठून आली, कोट अंगात घातला, मोठा श्वास घेतला. आणखी मोठा घेतला. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, बाबा, किती घाणेरडा दिसतोय! मी म्हटलं, हो ना.

इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१६ सप्टेंबर

वरच्या मुक्कामावर पोचलो!! आठ तास. पेन्सिलनेच लिहितोय, शाई गोठली.

शेवटचे तीन तास बर्फ. पाय टाकायचा, चार श्वास घ्यायचे, दुसरा पाय टाकायचा. वारा समोरून. पापण्यांवर बर्फ धरतं हे चष्मेवाल्याने हजार वेळा सांगितलं होतं आणि मी हजार वेळा थाप समजलो होतो. माफी मागावी लागणार. मध्ये एका वळणावर मी बसकण मारली. ठाणेदारीण वर उभी राहून म्हणाली, बसायचं असेल तर वर येऊन बसा, इथे बसलेली माणसं मला उचलावी लागतात. उठलो.

टाचणी सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत नीट चालली. एकदाही थांबली नाही. निळा कोट, दोन्ही कुशींना नारिंगी पट्टे, वाऱ्याने फुगलेला. मी मागून बघत होतो.

संध्याकाळची चिमटी — टाचणी ८३. मी ७९! नशीब मला नोकरी नकोय. ही ९०.

१७ सप्टेंबर

पास!

रात्रभर मी तिचा श्वास ऐकत पडलो होतो. पहाटे चार वाजता ठाणेदारीण कंदील घेऊन आली. टाचणीने पांघरुणातून एक बोट बाहेर काढलं, डोळे न उघडताच. आकडा ७८ वर आला. तो खाली जावा म्हणून दोन महिने झुरलेला मी, त्या चिमटीकडे बघून मनात ओरडत होतो, चढ, चढ! ठाणेदारीण म्हणाली, बोट गार आहे. हिने ते बोट दोन्ही तळव्यांत धरलं. चिमटी परत लावली. ८०. ८१. ८२. तिथे स्थिर झाला. कागदावर सही झाली. मी ढसाढसा रडलो आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

खरं तर काम झालं होतं. पण शिखर तिथून फक्त सोळाशे फूट वर. पाच वाजता आम्ही चौघं निघालो. पहिल्यांदाच आभाळ स्वच्छ. दोन तासांत माझ्या डोक्यात घण पडायला लागले, मग उलटी. टाचणी माझ्यापाशी वाकून म्हणाली, बाबा, बास. चला, परत जाऊ, मी येते तुमच्याबरोबर. मी म्हणालो, तू जा वर, मी जाईन एकटा. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मुक्कामापर्यंत खांब रोवलेले आहेत, वाट चुकायची भीती नाही, ठाणेदारणीने परवानगी दिली.

मला वाटलं, हीही येणार. ही ठाणेदारणीला विचारत होती, अजून किती? दीड तास. "मी जाऊन येते," म्हणाली. कोपऱ्यावरून दोरा आणायला जाताना म्हणते त्याच आवाजात! आणि निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

उतरताना मी टाचणीला सांगून टाकलं. मुद्दाम नाही केलं, पण तू परत फिरावीस असं मनात होतं. पहिल्या दिवसापासून.

ती म्हणाली, "माहीत होतं, बाबा. म्हणून तर तुम्हाला बरोबर आणलं. नाही तर तुम्ही घरी बसून दोन वर्षं रोज मनातल्या मनात मला मारलं असतंत."

हसलो. डोकं दुखत होतं तरी हसलो. खाली येऊन सूप प्यालो, ते पोटात राहिलं. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो असा उतरतो तर.

ही बाराला आली. नाक लाल, गाल लाल. काय आहे वर, विचारलं. तिने हातमोजे काढून शेगडीपाशी ठेवले. म्हणाली, वारा. मग दोन वाट्या सूप पिऊन झोपली ती झोपलीच. तीस वर्षांत हिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. मी दोनदा जाऊन नाकाशी हात धरला. सवय!

१८ सप्टेंबर

उतरून खालच्या मुक्कामाला. श्वास घेणं किती सोपं आहे!

१९ सप्टेंबर

उतरलो. टाचणी आणि मी पुढे, ही आणि ठाणेदारीण मागे. दोघी सगळी वाट बोलत होत्या. ही, आणि बोलते! तेही परक्या बाईशी! मुलीवर लक्ष ठेवा म्हणून सांगत असणार. आई ती आईच. ते ऐकायला येत नव्हतं, पण मला बरं वाटलं. वर कुणी तरी ओळखीचं झालं.

२१ सप्टेंबर

घरी. आपली गादी, आपली उशी, नळाला गरम पाणी. तासभर नुसता आंघोळीच्या बादलीपाशी बसलो.

संध्याकाळी चष्मेवाला आला. खुंटीवरचा कोट पाहिला, नारिंगी पट्ट्यांवर हात फिरवला, आत हात घालून बघितला. म्हणाला, आता बरोबर आहे. मी म्हटलं, पापण्यांवर बर्फ धरतं. तो इतका खूश झाला की त्याने माझा हात धरून जोरात हलवला. मग विचारलं, शिखरावर कोण कोण गेलं? मी तोंड उघडायच्या आत ही मशीनवरून म्हणाली, "मी." चष्मेवाला खुर्चीत बसला. त्याला शिखराच्या अलीकडून परत यावं लागलं होतं, हे एकवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं! पाऊण तास तो हिला प्रश्न विचारत होता आणि ही, हातातलं काम बाजूला ठेवून, सांगत होती.

४ ऑक्टोबर

टाचणीचं पक्कं पत्र आलं. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं. भीती येईल म्हणून वाट बघत बसलो. आली नाही. जेवलो, झोपलो.

११ ऑक्टोबर

एका गिऱ्हाइकाचा कोट कापला. काखेत अर्धा इंच जास्त ठेवला. त्याला कळलं नाही, पण घालून बघताना त्याने जांभई दिली, हात वर करून, आरामात. माझ्या कोटात कुणी जांभई दिल्याचं आठवत नाही.

१८ ऑक्टोबर

टाचणीची बांधाबांध चालली आहे. लोकरी मोजे आठ जोड. ही तिला टाका घालायला शिकवतेय, म्हणजे वर काही उसवलं तर अडायला नको. मी नुसता बघतो. भीती बरीचशी गेली, खरंच गेली. एकच राहिलीय — तिथे एकटी पडेल. आजारी पडली तर कपाळावर हात ठेवायला घरचं माणूस नाही. तेवढं सोडलं तर मी सुखी आहे.

२६ ऑक्टोबर

बसवाल्याने ठाणेदारणीचं पत्र आणून दिलं. टाचणीबद्दल असेल म्हणून मीच फोडलं. आत हिचं नाव. वरच्या मुक्कामावर तंबू, पिशव्या, कोट शिवायला माणूस हवा आहे, दर वर्षी चार महिने, आणि तुम्ही उतरताना विचारलं होतंत त्याला आमचा होकार आहे. म्हणजे विचारलं होतं हिने!

पत्र हातात दिलं. म्हटलं, चांगलं झालं, पोरगी एकटी पडणार नाही. मोठ्ठी काळजी मिटली.

ही म्हणाली, "तिच्यासाठी नाही जात. मला जायचंय."

मागची सगळी पानं उलटून पाहिली. मुलगी जाणार, मुलगी जाणार. हिला काय हवंय, हे कुठेच विचारलेलं नाही. मग तिच्यापाशी जाऊन म्हणालो, ‘बरं, जा.’ ही रडायला लागली, मधेच हसत.